आधी यात काय होतं?

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूर स्थानकात शिरली. १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर पाणी. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. पुढं या ‘जलदूत’ गाडीला ५० वॅगन लागले, एका खेपेत २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं आणि ऑगस्टपर्यंत या खेपा चालू राहिल्या. त्या उन्हाळ्यात लातुरात जो तो लिटरमध्ये बोलत होता. बातम्यांच्या शेवटी मात्र एक बारीकशी माहिती असायची आणि तिच्याकडे फारसं कुणी बघायचं नाही. हे तेलवाहू टाक्यांचे वॅगन होते आणि पाणी भरण्याआधी राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात ते आतून वाफेनं धुऊन घेतले होते.

मला त्या सगळ्या बातमीत हीच माहिती सगळ्यात मोलाची वाटते. कारण ज्या शहरात माणसं हंडाभर पाण्यासाठी रात्र जागत होती, तिथंही कुणीतरी, कुठल्यातरी कार्यालयात, वेळ काढून विचारलं होतं: आधी यात काय होतं?

खाण्यापिण्याचा पातळ पदार्थ मोठ्या प्रमाणात साठवायचा असेल तर भांड्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच. किती मावतं, किती टिकेल, केवढ्याला पडेल हे सगळं त्यानंतर. मला एवढंच म्हणायचं आहे. पण ‘आधी’ या शब्दाच्या पोटात बरंच काही आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

लातूरच्या टंचाईनं घराघरात एक वस्तू कायमची आणून ठेवली, ती म्हणजे ड्रम. पूर्वी अंगणात रांजण असे, न्हाणीत हौद असे, फार तर डांबराचं किंवा ऑइलचं एखादं लोखंडी टिपाड. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार म्हटल्यावर तेवढ्यानं भागेना. मग २०० लिटरचे निळे ड्रम आले, ३५ लिटरचे कॅन आले, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग लागली. टाक्या बहुधा नव्या घेतल्या गेल्या. ड्रम मात्र बहुतेकांनी जुने घेतले, कारण नव्याच्या मानानं ते फारच स्वस्त मिळतात. भंगाराच्या दुकानासमोर त्यांची उतरंड रचलेली असते. कशाचे आहेत विचारलं तर उत्तर ठरलेलं: “मावशी, निस्तं पानी मारा, लखलखीत व्हतंय.”

लखलखीत होतो यात शंका नाही. पण स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यांत किती अंतर आहे, ते तो ड्रम कशाचा बनला आहे यावर ठरतं.

रेल्वेचा वॅगन पोलादाचा असतो. पोलाद आतून बंद असतं. तेल त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं, खरवडलेल्या जागेत, जोडाच्या खाचेत अडकतं, पण धातूच्या अंगात मुरत नाही. म्हणून गरम वाफ आत सोडली, चिकटलेलं सुटून वाहून गेलं, की पोलादाचा मागचा इतिहास बऱ्याच अंशी पुसता येतो. निळ्या ड्रमचं तसं नाही. तो पॉलिथीनचा, म्हणजे मुळात खनिज तेलापासूनच निघालेल्या पदार्थाचा. त्याच्या लांबलचक रेणूंच्या गुंत्यात अतिसूक्ष्म मोकळ्या जागा असतात, आणि तेलकट जातीचे पदार्थ, म्हणजे सॉल्व्हंट, रंगांची पातळ द्रव्यं, बरीचशी कीटकनाशकं, अत्तराची तेलं, हळूहळू त्या जागांत शिरून बसतात. पाणी वरून फिरतं, साबण वरून फिरतो. आत शिरलेलं तिथंच राहतं. वसमतची हळद नांदेडच्या घरात प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवा आणि वर्षानं डबा घासून बघा, पिवळेपणा जात नाही. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून तो प्लास्टिकमध्ये घर करतो. हळद दिसते म्हणून कळतं. बिनरंगाचं रसायन दिसत नाही.

आणि जे आत मुरतं ते आतच राहतं असंही नाही. नवा पदार्थ भरला की ते त्याच वाटेनं परत बाहेर येऊ लागतं. पाणी असेल तर थोडं आणि सावकाश. तेल असेल तर भराभर. उन्हात असेल तर त्याहून भराभर, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन काय असतं हे लातूर-नांदेडकरांना सांगायला नको.

इथं कुणी शंका काढेल, की मग ॲसिडचा ड्रम, कॉस्टिक सोड्याचा ड्रम? ते तर पाण्यात विरघळतात, धुतले की गेले. शंका रास्त आहे. साखर कारखान्यात सफाईला लागणारा कॉस्टिक सोडा आणि शेतात फवारायचं औषध यांत खरोखरच फरक आहे. पहिलं पाण्यानं बरंचसं निघून जातं, दुसरं नाही. पण हा फरक आपल्या उपयोगी कधी पडेल? ड्रममध्ये नेमकं काय होतं हे माहीत असेल तेव्हा. लेबल फाडलेलं, भंगारात तीन हात फिरलेलं, कुणीतरी मध्येच त्यात वापरलेलं ऑइल भरलेलं. रसायनशास्त्राचं ज्ञान अशा वेळी लंगडं पडतं, कारण प्रश्न इतिहासाचा असतो आणि इतिहास सांगणारा कुणी उरलेला नसतो.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याची सगळ्यात भयंकर किंमत आपल्या देशात १६ जुलै २०१३ रोजी मोजली गेली. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हे तेच कीटकनाशक जे मराठवाड्यात कापसा-सोयाबीनवर वर्षानुवर्षं मारलं गेलं. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात तेल ठेवलं गेलं असावं, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं. पुढं मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. पण अशा रिकाम्या डब्यांची गोष्ट एका शाळेपुरती नाही. बांधावर बघा, औषधाचा पाच लिटरचा कॅन रिकामा झाला की झाकण चांगलं, कडी चांगली, म्हणून तो खोपीत टांगला जातो. आज त्यात डिझेल आणतात, उद्या पाणी. ती माणसं बेफिकीर असतात असं मी म्हणणार नाही. चांगली वस्तू टाकवत नाही, हा आपल्या भागाचा जुना संस्कार आहे आणि एरवी तो गुणच आहे.

जगातल्या मोठ्या व्यापाराला हा प्रश्न फार आधी पडला. जहाजाच्या टाकीतून हजारो टन खाद्यतेल जातं, तीच टाकी परतीच्या फेरीत दुसरं काही आणते. अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सनं खाद्यतेलाच्या घाऊक साठवणीसाठी आणि वाहतुकीसाठी १९८७ मध्ये एक संहिता केली. तिच्यात टाकीत आधीच्या तीन खेपांना काय होतं याचा कागद मागितला जातो, आणि आधी काय असलेलं चालेल याची यादीच आहे. तीन खेपा! आपण एका खेपेचंही विचारत नाही. अर्थात कागद असून भागत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीचं आइस्क्रीम खाऊन सुमारे २ लाख २४ हजार माणसं आजारी पडल्याचा अंदाज निघाला. आइस्क्रीमचं मिश्रण निर्जंतुक केलेलं होतं. पण ज्या टँकरमधून ते नेलं, त्यातून आधी फोडलेल्या कच्च्या अंड्यांचा द्रव गेला होता. तो टँकर पोलादाचा होता, म्हणजे धुण्यासारखा होता, पण नीट धुतलाच नव्हता. आणि जुलै २०२४ मध्ये चीनमध्ये एका वर्तमानपत्रानं उघडकीला आणलं की कोळशापासून केलेलं द्रव इंधन वाहणारे टँकर न धुताच खाद्यतेल भरून नेत होते. धातूची टाकी इतिहास विसरू शकते हे खरं, पण तो तिला विसरायला लावावा लागतो. कोट्याला ते झालं होतं.

आता हाच प्रश्न आपल्या ओट्याशी आणू. मराठवाडा करडईचा मुलूख. सोयाबीन आल्यापासून करडईचं रान आटलं, पण लाकडी घाण्याच्या तेलाची आवड पुन्हा जागी झाली आहे आणि लातूर, उदगीर, नांदेडच्या रस्त्यांवर घाणे पुन्हा फिरू लागले आहेत. गिऱ्हाईक घरची करडई घेऊन जातं, समोर गाळून घेतं आणि आपल्याच कॅनमध्ये तेल घरी आणतं. भेसळ नको म्हणून एवढी यातायात. आणि कॅन कुठला? कधी फिनाइलचा, कधी गाडीच्या ऑइलचा, कधी कुणीतरी दिलेला ‘चांगला जाड’ कॅन. घाण्यावरचं तेल शुद्ध असतं हो, पण जुन्या प्लास्टिकमधून जुना मुक्काम बाहेर ओढायला तेलाइतका तरबेज दुसरा पदार्थ स्वयंपाकघरात नाही. पाण्याला जो ड्रम एक वेळ माफ करेल, तो तेलाला करणार नाही. म्हणून तेलाचं भांडं निवडताना हात सगळ्यात आखडता घ्यावा: नवा पत्र्याचा डबा, काचेची बरणी, स्टीलची कोठी, नाहीतर फक्त तेलासाठीच घेतलेला आणि त्यासाठीच राखलेला नवा कॅन. १५ किलोच्या पत्र्याच्या डब्याबद्दल तर कायदाच स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेल किंवा तूप भरायला पुन्हा वापरता येत नाही. आतला लेप खरचटतो, तिथं गंज धरतो, कोपऱ्यात जुनं तेल खवट होऊन बसतं आणि नव्या तेलालाही लवकर खवट करतं. लोखंड तेल नासवतं, तांबं त्याहून लवकर नासवतं. तेव्हा आजीच्या पितळी भांड्यात तेल साठवायची हौस असेल तर ती आवरावी.

पितळेवरून आठवलं. भांड्याचा इतिहास विचारायचा, तसा त्यात जे भरायचं त्याचा स्वभावही विचारायचा, हे आपल्या घरांना प्लास्टिकच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. ताक पितळेत ठेवायचं नाही. चिंचेचं सार बिनकल्हईच्या पातेल्यात करायचं नाही. लोणचं चिनी मातीच्या बरणीत. आंबट पदार्थ तांबं विरघळवतात म्हणून पितळेला आतून कथलाचा पातळ पदर द्यायचा, म्हणजे कल्हई करायची. दारात भाता घेऊन बसलेला कल्हईवाला, नवसागराचा धूर, कापसाच्या बोळ्यानं फिरवलेली चकाकी, हे आता गेलं. त्यामागचा हिशेब मात्र प्रयोगशाळेत तसाच जिवंत आहे. प्लास्टिकचं भांडं अन्नाला योग्य आहे का हे तपासताना खरं ताक किंवा खरं लोणचं वापरत नाहीत. त्यांच्या स्वभावाचे बदली द्रव घेतात. पाणचट पदार्थासाठी शुद्ध पाणी, आंबटासाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल, मद्यासाठी पाणी घातलेलं अल्कोहोल, तेलकटासाठी हेप्टेन. ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ते भांड्यात ठेवायचं आणि भांड्यातून किती उतरलं ते मोजायचं. एक किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर उतरलं तर भांडं नापास. रंग डोळ्यांना दिसेल इतका उतरला तरी नापास.

म्हणजे ‘फूड ग्रेड’ हा शिक्का सरसकट आशीर्वाद नाही. तो सांगतो की अमुक जातीच्या द्रवाला, अमुक उष्णतेपर्यंत, नवं असताना हे भांडं चालतं. पाण्याची पिशवी म्हणून पास झालेल्या प्लास्टिकमध्ये उकळतं तेल ओतलं तर शिक्क्याचा काही दोष नाही. ड्रमच्या बुडाशी त्रिकोणातला आकडा बघून समाधान मानणाऱ्यांनाही हेच सांगावं लागेल. २ म्हणजे दाट पॉलिथीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही खाण्यापिण्याला चांगले. पण तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. फॉस्फोरिक ॲसिडच्या ड्रमवरही २ असतो आणि आंब्याच्या गराच्या ड्रमवरही २ च. आकडा आणि शिक्का साच्यातून बाहेर पडताना बसतात, भांड्याच्या जन्माच्या वेळी. पुढच्या आयुष्यात त्याला काय भेटलं, ते दोघांपैकी एकालाही ठाऊक नसतं. काही ड्रमवर ‘यूएन’ ही अक्षरं, मग १एच१ किंवा १एच२ असं काही उठवलेलं असतं. त्याचा अर्थ हा ड्रम धोकादायक माल वाहायला प्रमाणित आहे. त्यात विष होतंच असं नाही, फळांचा गरही असू शकतो. पण ती अक्षरं दिसली आणि लेबल नसेल, तर पिण्याच्या पाण्यासाठी मी तो घेणार नाही.

मग स्टीलच घ्यावं सगळं? परवडत असेल तर जरूर. फक्त तिथंही भोळेपणा नको. गावातला फॅब्रिकेटर ‘स्टील’ म्हणून जे देतो ते बऱ्याचदा स्वस्तातलं २०२ असतं. दुधाला, ताकाला, अन्नाला ३०४ हवं. चुंबक लावून ते कळत नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागणं हा त्यातल्या त्यात सरळ उपाय. मिठाच्या पाण्याला तर ३०४ सुद्धा कंटाळतं, त्याला बारीक खड्डे पडतात. तिथं ३१६ लागतं, किंवा मग पुन्हा आजीची चिनी मातीची बरणी.

पिण्याच्या पाण्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तिथं रसायनापेक्षा जंतू जवळचे. लातूरसारख्या ठिकाणी पाणी आठवडाभर साठवून पुरवायचं असतं आणि नळातून आलेला क्लोरिनचा अंश तोवर उडून गेलेला असतो. भांडं आतून कसं आहे, यापेक्षा तिथं त्याचं तोंड कसं आहे हे महत्त्वाचं ठरतं. हात आत जात नसेल तर ते घासता येत नाही, हात आत जात असेल तर तो हातच पाणी घाण करतो. यावर तोडगा एकच: तोंड मोठं, झाकण घट्ट आणि पाणी काढायला खाली तोटी. वरून तांब्या बुडवायचा नाही. झाकण घट्ट असलं की डेंग्यूच्या डासांनाही जागा उरत नाही. निळ्या ड्रममधून उजेड आत शिरतो, शेवाळ धरतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीला ती भीती कमी, कारण तिच्यात काजळी मिसळलेली असते. ती उजेड अडवते आणि उन्हानं प्लास्टिक पिचणंही लांबवते. नवी टाकी घेताना तिच्यावर आयएस १२७०१ हा क्रमांक आहे का ते बघायचं.

जुनाच ड्रम घ्यायची वेळ आली तर? येतेच. तेव्हा ज्या ड्रमवर मूळ लेबल शाबूत आहे आणि त्यावर फळांचा गर, लिक्विड ग्लुकोज, मध, व्हिनेगर असं खाण्याचंच काही लिहिलेलं आहे तो घ्यावा, आणि शक्यतो भंगारातून न घेता ज्या कारखान्यात तो रिकामा झाला तिथून. तोंड पूर्ण उघडणारा असावा, म्हणजे आत डोकावता येतं. दोन बुचांचा बंद ड्रम कितीही सुरेख दिसला तरी त्याच्या पोटात काय आहे ते बघता येत नाही. वासाची परीक्षा जरूर घ्यावी: झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवायचा, संध्याकाळी उघडून हुंगायचं. वास आला तर ड्रम बाद. वास आला नाही तर मात्र पास समजायचं नाही, कारण कित्येक विषांना वासच नसतो. आणि चाखून बघायचं तर मुळीच नाही.

लग्नसराईत नांदेडकडच्या पंगतीत मठ्ठ्याचा निळा ड्रम सगळ्यांनी पाहिला असेल. मांडववाल्याकडून तो भाड्यानं येतो. मठ्ठा आंबट असतो, त्यात लोण्याचा अंश असतो, म्हणजे भांड्यातलं बाहेर काढायला लागणारे दोन्ही गुण त्याच्या अंगी आहेत. आचाऱ्याला मिठाचं प्रमाण विचारणारे, बर्फ कुठून आणला ते विचारणारे यजमान मी बघितले आहेत. ड्रमचं विचारणारा नाही. विचारायला फार तर एक मिनिट लागतं, आणि मांडववाल्याकडे त्याचं उत्तर नसेल तर स्टीलची मोठी पातेली त्याच्याकडे असतातच.

राहता राहिला तो ड्रम, जो आपण नाकारला. त्याचं काय करतो, यावर बरंच अवलंबून आहे. भंगारवाल्याला परत दिला की तो आठवड्यानं दुसऱ्या कुणाच्या न्हाणीत, तिथून स्वयंपाकघरात पोचतो, आणि त्याचा इतिहास माहीत असलेला शेवटचा माणूस आपणच असतो. बांधकामाला, आंघोळीला, गोठा धुवायला तो ठेवायचा असेल तर ठेवावा, पण अंगावर लाल ऑइलपेंटनं ‘पिण्याचं नाही’ असं ठळक रंगवून. कीटकनाशकाचे कॅन मात्र कशालाच ठेवू नयेत. कीटकनाशकांच्या नियमांतही वापरलेली डबडी फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे, ते कुणी पुन्हा भरू नये म्हणूनच. कॅन रिकामा झाला की तीनदा पाण्यानं खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावं आणि तिथंच, बांधावर, कुदळीच्या टोकानं बुडाला दोन भोकं पाडावीत.